बांधावरचे बारा दगड

१

बांधावरच्या दगडाला भोक पाडायला प्रेरणाला सहा मिनिटं लागत. पेट्रोलवरचं ड्रिल गुडघ्याशी रोवायचं, डाव्या हातानं पाण्याचा पंप मारायचा, राखाडी चिखल बुटावर झेलायचा. मग भोकात पितळी नळी घालून दिशेची रेघ ओढायची आणि अंगठ्याएवढा जाड, बोटभर लांब तुकडा काढून घ्यायचा. रेघेवर बाण, बाणाखाली नंबर. काळ्या दगडाशेजारी होकायंत्राचा भरवसा नसतो, म्हणून तबकडीवरच्या सळईची सावली बघायची, घड्याळ बघायचं आणि उन्हावरून दिशा काढायची. ढग आले की काम बंद.

वीस वर्षं ती हेच करत होती. गुलबर्ग्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचं आणि सुट्टी मिळाली की ड्रिल घेऊन शिवार पालथं घालायचं. लाव्हा थिजतो तेव्हा त्यातल्या लोहकणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा कोरली जाते, आणि कोट्यवधी वर्षं गेली तरी पुसत नाही. जागचा न हललेला कातळ ती दिशा इमानानं सांगतो. पण दगड सुटला, गडगडला, कुणी उचलून बांधावर फेकला, की त्याच्या पोटातला बाणही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून बारा सुट्या दगडांचे बाण बारा दिशांना असायला हवेत. तसे असले तर दगडांची आठवण शाबूत आहे असं समजायचं. प्रेरणाला एवढीच खातरजमा करायची होती. बिनडोक काम होतं, आणि तिला सध्या बिनडोकच काम हवं होतं.

"काय गं पोरी, माझा बांध पोखरायलीस का?" किशनराव तुरीच्या धसकटांतून वाट काढत आले. शेत त्यांचं. पलीकडं लागूनच दगडाची खाण.

"बोटभर दगड न्यायलाव, काका. बाकी बांध तुमचाच हाय."

"ने की. माणसं तर काय बोलंनात. दगडाला तरी इचार." मग टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "रतनचं काय कळलं का?"

"न्हाई."

रतन म्हणजे रत्नपाल, तिचा धाकटा भाऊ. खाणीत कॉम्प्रेसरवर सुरुंगाची भोकं मारायचा. येळवशीच्या, म्हणजे थंडीतल्या शेतपूजेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेऊन गेला. अकरा वाजता सुरुंग उडाला, उत्तरेचा कडा कोसळला, आणि रत्नपाल घरी आला नाही. खाणीच्या मुकादमानं सांगितलं, तो दहा वाजताच काम सोडून गेला, आळंदच्या गाडीत बसताना लोकांनी पाहिला. कोणत्या लोकांनी? नावं नाहीत. चौकशीला आलेल्या साहेबानं ढिगाऱ्याकडं पाठ करून चहा घेतला आणि लिहिलं, 'सदर इसम स्वखुशीने निघून गेला.' स्वखुशीने! भाकरीचं गाठोडं झाडाला टांगलेलं, चप्पल झाडाखाली, आणि माणूस अनवाणी खुशीत आळंदला गेला. दोन महिने प्रेरणा या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. प्रत्येक टेबलामागचा माणूस तिच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचा.

आता येत्या सोमवारी खाण कारखान्याच्या राखेनं बुजवायची ठरली होती. आज मंगळवार होता. एकदा राख पडली की त्या ढिगाऱ्याखाली कुणी कधीच बघणार नव्हतं.

२

मोजायचं यंत्र तिनं कॉलेजातून गावाकडच्या घरी आणलं होतं. शिवणयंत्राएवढी पेटी. तुकडा खोबणीत ठेवला की तो गरगर फिरतो आणि पोटातला बाण किती अंशांत आहे, जमिनीकडं किती कलला आहे, ते आकड्यांत येतं. दुपारी माय भाकरी थापत होती आणि प्रेरणा शहाबादी फरशीवर मांडी घालून आकडे उतरवत होती.

पाचव्या दगडाला तिनं पेन्सिल थांबवली. बाराव्याला उठून पाणी प्यायली.

बारा दगडांचे बाण बारा दिशांना नव्हते. खाणीच्या तिन्ही अंगांच्या बांधांवरून दगड उचललेले. कुणी पालथा, कुणी आडवा, एक तर किशनरावांनी मागच्या उन्हाळ्यातच नांगराला लागला म्हणून उपटून टाकलेला. पण गावाच्या नकाशावर प्रत्येक दगडाच्या जागेवरून तिनं रेघ ओढली आणि बाराही रेघा एका ठिकाणी येऊन मिळाल्या. सायकलच्या आऱ्या मधल्या तुंब्याला मिळतात तशा.

ते ठिकाण खाणीच्या उत्तर कोपऱ्यात होतं. रेघांचा उतार धरला तर ढिगाऱ्याच्या माथ्यापासून वीसेक फूट खाली.

ती वेडी बाई नव्हती. आपण काय शोधतोय हे तिला ठाऊक होतं, आणि जे शोधायचं तेच सापडलं की पहिल्यांदा स्वतःवर संशय घ्यावा हेही ती पोरांना शिकवत आली होती. तिनं संशयांची यादी केली. वीज पडली असेल. पण मग एकाच झाडाभोवतीचे दगड बिघडतील, अर्ध्या मैलातले नाहीत. वरून विजेची तार जात असेल. नव्हती. आपण बाण उलटे काढले असतील. तिनं फोटो काढले होते, बाण बरोबर होते.

"माय, बांगड्या काढून ठिव बरं, हिकडं येऊ नको."

"काचंच्या हायत्या बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "काचंनं तुझं यंत्र बिघडतंय व्हय? मग कसलं यंत्र ते."

३

बुधवारी तिनं ट्रे उलटा केला. बाराही तुकडे पालथे घातले आणि माय चहा ठेवत होती तोवर मायकडं बघत बसली. चहा झाल्यावर परत मोजले.

दगडाला आपली दिशा विसरायला लावायची तर भट्टीत साडेपाचशे अंशांवर भाजावा लागतो. हे दगड चहा उकळेपर्यंत विसरले होते. पालथ्या तुकड्यांतला बाण पोटातल्या पोटात वळून पुन्हा तिकडंच झाला होता. आता बांधावरून नव्हे, घरातून खाणीकडं.

प्रेरणानं तीन वेळा उलटे केले. तीन वेळा ते वळले. चौथ्या वेळी तिनं केले नाहीत.

तिनं नकाशा गुंडाळला आणि खाणीवर गेली.

मुकादम लिंगराज पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली बसला होता. त्यानं नकाशा उलगडला नाही. "मॅडम, दगड साक्ष द्यायलाय म्हणता? कोर्टात दगडाला उभं करताव का?"

"माणसं उभी ऱ्हाईनात म्हणून दगड उभे करायलाव. ह्या जागी वीस फूट खणा. काही न्हाई निघालं तर मी लिहून देते, भाऊ पळून गेला."

"सायबाची परवानगी लागती."

"सायेब म्हणतो तुमची लागती."

लिंगराजनं खिडकीबाहेर पाहिलं. अख्ख्या जिल्ह्याला खिडक्यांचं फार वेड. "सोमवारी राखंच्या गाड्या येणार हायत्या. तुम्ही शिकल्या-सवरल्या हाव. कामून त्रास करून घ्यायलाव?"

"माझा भाऊ खाली हाय म्हणून."

ती बाहेर आली तेव्हा पोकलेनचा ड्रायव्हर हणमंतप्पा बादलीत हात धूत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"अक्का, रतन माझ्याजवळ बसून जेवायचा," तो हळूच म्हणाला. "शनिवारी मुकादम बिदरला लग्नाला जायलाय. पहाटंच या. मला फक्त खूण करून द्या, कुठं खणायचं."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे की. रोज त्या ढिगावर मशीन फिरवायलाव मी. रोज. तुम्हाला काय सांगू."

४

शनिवारी उजाडताना पोकलेनचा दात ढिगाऱ्यात शिरला. प्रेरणानं चुन्यानं फुली मारून दिली होती. किशनराव आले होते. चांगुणाबाई कडेला बसल्या होत्या, मांडीवर धुतलेली पांढरी चादर घेऊन. पोराचं पुण्यानुमोदन करा, मृताचा विधी उरकून घ्या, असं वस्तीतले दोन महिने सांगत होते, पण त्या हटून बसल्या होत्या. देह डोळ्यांनी बघितल्याबिगर मी माझ्या लेकराला मेलेला म्हणणार न्हाई.

दहा फूट. पंधरा फूट. दगड, माती, दगड. अठरा फुटांवर हणमंतप्पानं मशीन बंद केलं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत खडे ओघळून कुठंतरी खाली पडल्याचा आवाज आला. खोल.

"पोकळ हाय," तो म्हणाला. "अक्का, उतरू नका."

ती उतरली.

वरचा पत्थर बाजूला झाल्यावर पोकळी दिसली. भाऊ नव्हता. रक्त नव्हतं, कापड नव्हतं, वासही नव्हता. माणूस कुशीवर निजल्यावर जेवढी जागा व्यापेल तेवढीच जागा. डोक्याकडं रुंद, पायाकडं निमुळती. ढिगाऱ्यात असा खळगा आपसूक राहत नाही, तिला ठाऊक होतं. सुरुंगानं फुटलेल्या दगडाला धार असते, आणि या खळग्याच्या भिंती गुळगुळीत होत्या. जात्याच्या पाळूसारख्या. बोट फिरवलं तर पीठ निघालं, करडं, अगदी बारीक.

आणि खळगा तिथं संपत नव्हता. डोक्याकडच्या बाजूनं तो तसाच गुळगुळीत पुढं गेला होता. ढिगाऱ्यातून नव्हे. अखंड कातळातून. तिनं टॉर्च मारला. भोक वाकडं होईपर्यंत उजेड गेला.

ते दक्षिणेला गेलं होतं. दक्षिणेला गाव होतं.

"काय हाय गं?" वरून मायनं विचारलं.

"काहीच न्हाई माय," प्रेरणा म्हणाली. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं निवेदन. दोन महिने साहेब लोक जे करत होते तेच तिनं तिच्या आईशी केलं, आणि वर येताना तिला स्वतःची शरम वाटली.

"पोरगा न्हाई तिथं," वर आल्यावर ती म्हणाली. "तिथून निघालाय. कसा, ते मला सांगता येईना."

किशनरावांनी टोपी घातली आणि ते घराकडं गेले. चांगुणाबाईंनी चादरीची घडी पुन्हा नीट केली.

"मग घरीच येईल की," त्या म्हणाल्या.

५

शनिवारी दुपारी तिनं तुकडे मोजले. सहा घरी ठेवले होते, सहा किशनरावांच्या गोठ्यात, यंत्र इकडून तिकडं न्यायची, म्हणजे दोन्हीकडून रेघा काढता येतील. रेघा खाणीत मिळाल्या नाहीत. तुरीच्या शेताखाली मिळाल्या.

रविवारी सकाळी रस्त्याखाली. रविवारी संध्याकाळी समाजमंदिरामागं.

आकड्यांचा उतार रोज बदलत होता. जे काही होतं ते जवळ येत होतं आणि वरही येत होतं. प्रेरणानं वहीत वेळ लिहिली, अंश लिहिले, खाली सही केली. दुसरं काय करणार होती? कुणाला फोन करणार होती? भाऊ हरवला तेव्हा ज्यांनी ढिगाऱ्याला पाठ केली, ते भाऊ कातळातून येतोय म्हटल्यावर काय करतील?

गुलबर्ग्याला जायचं तिनं मनात आणलं. सात वाजताची बस होती. स्वतःची पिशवी भरली आणि मायला तिची भरायला सांगितलं.

"तू जा," माय म्हणाली. "त्यो आला अन् घराला कुलूप असलं तर?"

"माय, ते रतन असेल कशावरून?"

"मग दुसरं कोण माझ्या दारात यायलंय? एवढी वाट कोण चालंल?"

प्रेरणानं पिशवी परत रिकामी केली. किशनरावांच्या गोठ्यातले सहा तुकडेही ती घरी घेऊन आली. ते तिकडं ठेवायला किशनराव आता तयार नव्हते. त्यांची बैलं तुकडे ठेवलेल्या भिंतीकडं तोंड करून चारा खात नव्हती.

सोमवारी सकाळपासून फरशीखाली घरघर ऐकू येऊ लागली. कुणी शेजारी दळत बसावं तशी. थांबायची, मग दोन हात पुढं सुरू व्हायची. न्हाणीखालून चुलीकडं. चुलीकडून मधल्या खोलीत. खाणीकडून राखेच्या पहिल्या गाडीचा भोंगा आला तेव्हा घरघर अगदी माजघराखाली होती. यंत्रानं दाखवलं, बाण उभा. नव्वद अंश. सरळ पायाखाली.

प्रेरणा पाय उचलून खुर्चीवर बसली नाही. चार तास ती त्या फरशीवर पाय रोवून उभी राहिली.

६

दुपारी पावणेदोनला आवाज घराखालून पुढं सरकून बंद झाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग पुढच्या दाराबाहेर काहीतरी पायरीवर चढल्यासारखं झालं. वजनदार, सावकाश.

"माय," बाहेरून आवाज आला. मग, "अक्का."

आवाज रतनचा होता. त्यात खोट नव्हती. फक्त तो बोलत असताना श्वास घेत नव्हता.

चांगुणाबाई ताडकन उठल्या. "बगितलंस? बगितलंस का?"

"थांब." प्रेरणानं मायचं मनगट धरलं. "एकच मिनिट. मोजू दे."

तिनं पहिला तुकडा खोबणीत घातला. वहीत मांडायला वेळ नव्हता. पडद्यावर आकडा आला तसा तिनं फरशीवर पेन्सिल ठेवली, बाणाच्या दिशेनं. दुसरा तुकडा, दुसरी पेन्सिल. तिसरा.

पेन्सिली दाराकडं टोक करून नव्हत्या. दाराकडं त्यांची बुडं होती. टोकं आतल्या भिंतीकडं.

चुकलं, तिला वाटलं. पुन्हा मोजलं. तेच आलं. आणि मग तिला स्वतःच्या हाताची वीस वर्षांची सवय दिसली. आपल्या भागातला लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीचं चुंबक उलटं होतं. उत्तरेच्या जागी दक्षिण. त्यामुळं इथल्या दगडांचे बाण उलटेच येतात, आणि कागदावर मांडताना ते फिरवून सुलटे करून घ्यायचे ही त्यांच्या धंद्यातली रीत. विचार न करता करायचं काम. पोळी उलटावी तसं. सगळा आठवडा तिनं प्रत्येक आकडा फिरवून मांडला होता. रेघा त्यामुळं चुकल्या नव्हत्या, जागाही चुकली नव्हती. चुकलं होतं ते फक्त टोक.

दगड त्याच्याकडं बोट दाखवत नव्हते. बाराही दगड, पहिल्या दिवसापासून, पालथे घातले तरी वळून वळून, त्याच्याकडं पाठ करत होते.

सहा कोटी वर्षांत दगडांनी जे कशासाठीच केलं नव्हतं ते.

मायचं मनगट तिच्या हातातून निसटलं. चांगुणाबाईंचा हात कडीपर्यंत गेला.

७

"माय, मागं सर."

"सोड मला! उन्हात उभं ऱ्हायलंय लेकरू..."

"मी उघडते. तू चुलीपाशी जा. मी म्हणंस्तोवर हिकडं बघू नको." तिनं आईला दोन्ही खांद्यांना धरून मागं वळवलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण आईलाही पाठ करायला लावतोय.

ती दारासमोर एकटी उभी राहिली. न उघडण्याची सगळी कारणं तिच्याजवळ होती. मोजलेली, लिहिलेली, सही केलेली. आणि सगळ्या टेबलांमागच्या माणसांकडंही कारणं होतीच की. मुकादमाकडं होती, साहेबाकडं होती, गल्लीत दारं लावून बसलेल्या शेजाऱ्यांकडं होती. दोन महिने सगळ्या जगानं या पोराला पाठ केली. आता दगडांनीही केली. दगडांना जे कळलं ते बरोबरच असेल. पण ती दगड नव्हती, थोरली बहीण होती.

"अक्का."

"आले रे."

तिनं कडी काढली.

उजेड एकदम आत आला. पायरीवर उन्हात तो उभा होता. कामावरचाच शर्ट, पण कापड आणि अंग कुठं वेगळं होतं ते कळत नव्हतं. सगळं एकच करडं, घासून गुळगुळीत झालेलं. उंची रतनची. डावा खांदा थोडा खाली, तोही रतनचा. सावली पायाशी नव्हती, ती दोन हात लांब पडली होती, दुसऱ्याच दिशेनं.

त्याची पाठ दाराकडं होती.

तो रस्त्याकडं तोंड करून उभा होता, बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या माणसासारखा. हाक मात्र या बाजूनं येत होती. पाठीतून.

आत मायनं काही विचारलं. प्रेरणाला दार लावता आलं असतं. पुढं जाऊन, वळसा घालून, तिला त्याच्या तोंडासमोर उभंही राहता आलं असतं. पण ती उंबऱ्यावरच उभी राहिली. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"रतन," ती म्हणाली, "मी हाय हितं. माझ्याकडं बघ."

तो वळू लागला.

प्रेरणानं डोळे मिटले नाहीत.